संकटकाळाची बेगमी

वैशाख सरत आला कीं गांवोगांवच्या घरांत एकच धांदल उडते. कोणी घर शाकारतो, कोणी पागोळ्यांचें पाणी वाहून जावें म्हणून घराभोंवतीं चर खणतो. बाया गोवऱ्या रचून झांकतात, लांकूडफांटा पडवींत आणतात, तिखट कुटतात, कुरडया-पापड वाळवून डब्यांत भरतात. ह्या सर्व उद्योगास आपण पावसाळ्याची बेगमी म्हणतों. ती करणारास कोणी भित्रा म्हणत नाहीं. उलट मृग लागला तरी ज्याचें छप्पर उघडें आहे, त्यालाच शेजारीपाजारी नांवें ठेवतात. आजच्या पाठांत आम्हांस वाचकांपुढें इतकेंच मांडावयाचें आहे कीं, जशी पावसाची बेगमी तशीच भूकंप, पूर, दरड व सर्पदंश ह्यांचीहि बेगमी घरोघर झाली पाहिजे. आणि ती भीतीच्या भरांत नव्हे, तर वर्षाच्या घरकामांतील एक काम म्हणून झाली पाहिजे. भीतीनें केलेली तयारी फार दिवस टिकत नाहीं. किल्लारीच्या हकीकतीवरून हें स्पष्ट दिसतें, म्हणून तीच प्रथम सांगतों.

सन १९९३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस, पहांटेचे चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतां, लातूर जिल्ह्यांतील किल्लारी गांवाच्या आसपास भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन पाहून पुष्कळ लोक रात्रीं उशिरां घरीं आले होते व गाढ झोंपले होते. धक्का एक मिनिटभरहि टिकला नाहीं. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास मोजली गेली. जगांत ह्याहून मोठे भूकंप दरवर्षीं अनेक होतात. असें असूनहि लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसें मरण पावलीं, आणि ५२ गांवें इतकीं उद्ध्वस्त झालीं कीं तीं दुसऱ्या जागीं नव्यानें वसवावीं लागलीं.

त्या भागांत मोठा भूकंप व्हावयाचा नाहीं अशी जाणत्यांचीहि समजूत होती, मग गांवकऱ्यांस काय ठाऊक असणार, असें कोणी म्हणेल. परंतु भूमीनें इशारा दिलाच नव्हता असें नाहीं. वर्षभर आधीं, १९९२ च्या ऑगस्टपासून, किल्लारीस लहान लहान धक्के बसत होते व जमिनींतून गडगडाटासारखा आवाज येत होता. ऑक्टोबरांत कांहीं धक्के जोराचे बसले. लोक घाबरले, अनेक कुटुंबें अंगणांत व शेतांत निजूं लागलीं, कांहीं गांव सोडून पाहुण्यांकडे गेलीं. मग धक्के कमी झाले. थंडी पडली, सुगी आली, मुलांच्या परीक्षा आल्या. माणूस किती दिवस उघड्यावर निजणार? लोक पुन्हां आपापल्या माळवदाखालीं गेले. ह्यांत त्यांना दोष देण्यास आम्ही धजत नाहीं. त्यांच्या जागीं आपण असतों तर आपणहि तेंच केलें असतें. भीति आली तशी गेली. पण ती असतांना कोणीं भिंत दुरुस्त केली नाहीं, छपराचें ओझें उतरलें नाहीं, कीं निजण्याची जागा बदलली नाहीं. भीति गेल्यावर मागें तीच भिंत आणि तेंच छप्पर उरलें.

त्या भिंतीविषयीं व छपराविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण मराठवाड्यांत व सोलापूरच्या बाजूस तशा घरांत आजहि पुष्कळ कुटुंबें राहतात. भिंत दोन-अडीच फूट जाड असते. बाहेरून एक व आंतून एक असे ओबडधोबड दगडांचे दोन थर, आणि मधल्या पोकळींत चिखल व कपच्या भरलेल्या. पाहणारास वाटावें, जणूं गढीचा तट! खरें पाहतां ती एक भिंत नसून दोन भिंती पाठीशीं पाठ लावून उभ्या असतात, आणि त्यांना एकमेकींशीं बांधणारें मध्यें कांहींच नसतें. जमीन हादरली कीं बाहेरची बाहेर व आंतली आंत कोसळते. वर माळवद, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यांत तें घर थंड ठेवतें ही गोष्ट खरी. पण गळूं नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वीं त्यावर पांढऱ्या मातीच्या आणखी चार पाट्या पडतात, आणि आजोबांच्या वेळीं वीतभर असलेला थर नातवाच्या वेळीं हातभर होतो. हें ओझें किती, ह्याचा हिशेब करून पाहूं. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीवर एक फूट जाडीची माती असली, तर ती १०० घनफूट होते. कोरडी माती एका घनफुटास सुमारें ४५ किलो भरते. म्हणजे ४५ क्विंटल! आपल्या मुलांच्या डोक्यावर ज्वारीचीं पंचेचाळीस पोतीं टांगून आपण त्यांना दररोज निजवतों, आणि तो दोर किती मजबूत आहे हें कधीं पाहत नाहीं. पाऊस मुरला म्हणजे हें वजन आणखी वाढतें.

किल्लारीस मेलेलीं बहुतेक माणसें ह्याच दगडामातीखालीं सांपडून मेलीं. ज्या घरांत लांकडी खांब व तुळया एकमेकांत घट्ट बसविलेल्या होत्या, अशा कांहीं घरांत भिंती पडल्या तरी छप्पर खांबांवर तसेंच राहिलें. आणि आणखी एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. ज्या गरिबांना दगडी घर बांधणें परवडलें नव्हतें, त्यांच्या कुडाच्या व गवती छपराच्या खोपटांनीं फारसा जीव घेतला नाहीं. मोठा वाडा म्हणजे सुरक्षित आणि झोंपडी म्हणजे धोक्याची, असा नियम नाहीं. वर वजन किती व तें कशावर टेकलें आहे, हें पाहावें लागतें.

तर ह्या बेगमीचें पहिलें काम छपरावरचें. माळवदावरची जास्तीची माती पाटीपाटीनें उतरवून थर वीतभरापेक्षां कमी करावा. गळतीची भीति असल्यास मातीच्या थरांत जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. खांब व तुळई ह्यांच्या सांध्यांत दोन्ही बाजूंस तिरप्या लांकडी टेकूंचा आधार द्यावा. भिंतीस दर दोन-तीन हातांवर आरपार भोंक पाडून त्यांत लोखंडी सळई व काँक्रीट भरलें म्हणजे दोन्ही थर एकमेकांस बांधले जातात. मात्र हें काम माहितगार गवंड्याकडूनच करून घ्यावें, नाहीं तर भिंत आणखी सैल व्हावयाची. नवी भिंत बांधतांना दोन्ही तोंडांस पोंचेल असा लांब दगड मधून मधून घालावा, आणि दारांच्या माथ्याच्या पातळीस सबंध घराभोंवतीं काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीचें जें मोठें काम सरकारनें हातीं घेतलें, त्यांत महिला मंडळांतील बायांस संवाद सहायक म्हणून नेमलें होतें. गवंड्यानें पट्टा खरोखर घातला किंवा नाहीं हें घरच्या बाईनें उभें राहून पाहावें, असा त्या नेमणुकीचा एक उपयोग झाला. पत्र्याचें घर असेल त्यांनीं पत्रा उडूं नये म्हणून वर दगड ठेवण्याची चाल सोडून द्यावी. वावटळींत पत्रा उडतोच, आणि धक्क्यांत ते दगड खालीं येतात. पत्रा आंकड्यांनीं व बोल्टांनीं वाशांस आंवळावा.

ज्यांच्या हातीं एवढाहि पैसा नाहीं त्यांनीं निदान निजण्याची जागा बदलावी. भिंतीच्या कडेस डोकें करून निजूं नये. लांकडी खांबाजवळ निजावें. उशाशीं मांडणी, उतरंड किंवा पोत्यांची थप्पी नसावी. दाराच्या वाटेंत रात्रीं सायकल, नांगर, पाट्याचा दगड असें कांहीं ठेवूं नये. कडी अंधारांत हाताला कोठें लागते तें सर्वांत लहान मुलासहि ठाऊक असावें. ह्या कामांना एक दमडीहि पडत नाहीं.

आतां दुसरी बेगमी. ती वस्तूंची नसून बोलण्याची आहे, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची हीच. संकट आल्यावर विचार करण्यास वेळ मिळत नाहीं. त्या घटकेस माणूस जें आधीं ठरलेलें असेल तें करतो, आणि कांहींच ठरलेलें नसेल तर एकाच मुलाकडे चौघे धांवतात व दुसरें मूल अंथरुणांत राहतें. म्हणून एखाद्या संध्याकाळीं, जेवणें झाल्यावर, घरांतील सर्वांनीं एकत्र बसून नांवानिशीं ठरवावें: तान्ह्या मुलास कोण उचलील, आजीचा हात कोण धरील, अंथरुणास खिळलेल्या माणसास कोणते दोघे घोंगडींत घालून बाहेर काढतील. येथें एक चूक नेहमीं होते. घरांतील सर्वांत धडधाकट माणसाच्या, म्हणजे थोरल्या मुलाच्या नांवावर सर्व भार टाकला जातो. पण तो मुलगा दसरा-दिवाळी झाली कीं ऊसतोडीस जातो, किंवा पुण्यास कामाला असतो. जो घरांत निजतच नाहीं त्याच्या नांवावर आजीला टाकून काय उपयोग? जीं माणसें खरोखर रात्रीं घरांत असतात, त्यांच्यांतच कामें वांटलीं पाहिजेत. तीं सासू, सून व दहा वर्षांची मुलगी एवढींच असतील तर तेवढ्यांतच. आणि आजी त्यांना उचलणार नसेल तर शेजारच्या घरांतील एकाला आजच विचारून ठेवावें.

सर्वांनीं जमण्याची एक जागा ठरवावी. ती झाडाखालीं, विजेच्या तारांखालीं किंवा उंच भिंतीजवळ नसावी. शाळेपुढचें पटांगण किंवा खळें चांगलें. जो तेथें पोंचला त्यानें कोणासाठींहि स्वतः घरांत परत शिरूं नये, आधीं मोजणी करावी. कित्येकदां बाप मुलाला शोधण्यास आंत जातो आणि मूल मागच्या दारानें आधींच बाहेर पडलेलें असतें. धक्का बसतांना दार दोन पावलांवर असेल तर मोकळ्यांत जावें. तसें नसेल तर मजबूत टेबल किंवा खाट ह्यांच्याखालीं अंग चोरून बसावें व डोकें हातांनीं झांकावें. हें सर्व वर्षांतून दोन वेळां, दिवा मालवून, खरोखर करून पाहावें. मुलें हंसतील, हंसूं द्यावें. मुलांस आपलें, बापाचें व गांवाचें नांव आणि एक टेलिफोन नंबर तोंडपाठ असावा.

गुरांविषयीं न बोललें तर हा पाठ शेतकऱ्याच्या कामाचा नाहीं. पुरांत पुष्कळ माणसें जनावरासाठीं मागें राहतात, आणि त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यानें कधीं बैलाची किंमत मोजलेली नसते. परंतु दाव्याला बांधलेलें जनावर पाण्यांत सुटण्याची धडपड करून मरतें. मोकळें सोडलेलें बहुधा पोहून कांठ गांठतें. म्हणून गुरें उंचावर नेण्याची वेळ पाणी उंबऱ्याशीं आल्यावर नव्हे, तर पाणी गांवच्या रस्त्याला लागण्यापूर्वीं. दाव्याला एका झटक्यांत सुटेल अशी गांठ मारावी, आणि गोठ्याच्या मेढीवर एक धारेचा विळा कायमचा अडकवून ठेवावा. तो विळा गवतास नेऊं नये.

पुराविषयीं बोलतांना २०१९ च्या ऑगस्टांतील कृष्णा व पंचगंगा ह्यांच्या महापुराची आठवण होते. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील नदीकांठच्या लोकांस २००५ चा पूर चांगला आठवत होता. पुष्कळांच्या भिंतींवर त्या पाण्याची खूणहि होती. तीच खूण अनेकांस घातक झाली. कारण पाणी चढत असतां ते म्हणत राहिले कीं, त्या सालीं पाणी अमुक पायरीपर्यंतच आलें होतें, ह्याहून वर तें कसें येईल? सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें, म्हणजे २००५ च्या मानानें तीन फुटांहून अधिक वर. आधींची खूण म्हणजे नदीनें लिहून दिलेला करार नव्हे. त्याच महिन्याच्या ८ तारखेस पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें, वेढलेल्या गांवांतून लोकांस बाहेर काढणारी नाव उलटली आणि दहाहून अधिक माणसें बुडालीं. नावेंत तिच्या शक्तीपेक्षां जास्त माणसें चढलीं होतीं. शेवटपर्यंत थांबलेल्या गांवास शेवटच्या नावेंत गर्दी करावीच लागते. जो आदल्या दिवशीं, उजेडांत, पायांनीं चालत निघतो त्याला नाव लागत नाहीं. म्हणून नदीकांठच्या घरानें ‘पाणी अमुक ठिकाणीं आलें म्हणजे निघावयाचें’ अशी एक खूण आधींच ठरवावी, आणि ती मागच्या पुराच्या खुणेच्या पुष्कळ खालीं असावी. त्या वेळीं म्हातारा म्हणेल, मी घर राखतों, तुम्ही व्हा पुढें. हा वाद पुराच्या दिवशीं सुटत नाहीं. तो उन्हाळ्यांतच सोडवावा. फरशी पुलावरून पाणी वाहत असतां तें गुडघाभरच आहे असें समजून कोणी पाय घालूं नये; वाहतें पाणी गुडघाभर असलें तरी मनुष्यास ओढून नेतें, आणि खालची फरशी जागेवर आहे कीं वाहून गेली हें गढुळांत दिसत नाहीं.

घाटाच्या व डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांस नदीपेक्षां दरडीचें भय अधिक. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा कडा आला आणि दीडशेंच्या वर माणसें त्याखालीं गेलीं. बातमी बाहेर कशी पोंचली? नेहमींची एस. टी. घेऊन आलेल्या चालकास जेथें गांव दिसावयाचें तेथें चिखल दिसला! १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत, इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवरहि अशीच दरड आली. वस्तीवर जाण्यास पायवाटच असल्यामुळें मोठीं यंत्रें वर जाऊं शकलीं नाहींत. दरड येण्यापूर्वीं कित्येकदां खुणा दिसतात. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडें व खांब कलतात, दारें चौकटींत अडकूं लागतात, नेहमींचा झरा एकाएकीं गढूळ होतो किंवा नव्या जागीं पाणी फुटतें. सतत दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस असून ह्यांपैकीं एकहि खूण दिसली, तर त्या रात्रीं तेथें निजूं नये. दरड आली नाहीं तर एक रात्र शाळेंत काढली इतकेंच.

तिसरी बेगमी गांठोड्याची. एका मजबूत पिशवींत कांहीं वस्तु भरून ती दाराजवळच्या खुंटीस टांगावी. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचें पासबुक व सातबाऱ्याचा उतारा हे कागद प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळून. ज्याला रोज रक्तदाबाची, साखरेची किंवा क्षयाची गोळी लागते त्याची आठवड्याची गोळी. बॅटरी, काडेपेटी, एक शिट्टी, थोडे रोख पैसे, बायांस लागणारीं कापडें, गूळ, शेंगदाणे, फुटाणे. पाणी माणशीं दररोज तीन-चार लिटर धरावें. शिट्टीचें नांव वाचून कोणास नवल वाटेल. परंतु ढिगाऱ्याखालीं सांपडलेल्या माणसाचा आवाज ओरडून लवकर बसतो, शिट्टी मात्र श्वास आहे तोंवर वाजते. सातबारा व इतर कागदांची एक नक्कल दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे ठेवावी. पुरानंतर मदतीच्या रांगेंत ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याचा नंबर नेहमीं मागें जातो. हें गांठोडें दर पोळ्याला उघडून गोळ्या व खाऊ बदलावा, म्हणजे विसर पडणार नाहीं.

पाणी ओसरल्यावर खरा धोका संपतो असें नाहीं. विहिरींत घाण उतरलेली असते. ती उपसून, औषध टाकून शुद्ध होईपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्यावें. जुलाब सुरू झाले तर रोग्यास पाणी बंद करण्याची जी जुनी समजूत आहे ती प्राणघातक आहे. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून तें घोट घोट पाजीत राहावें. ह्याहून जास्त मीठ घालूं नये. १९७१ सालीं बंगालांतील बनगांव येथें बांगला देशाच्या निर्वासितांत पटकीची सांथ चालू असतां डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनीं अशाच मीठ-साखरेच्या पाण्याची पिंपें भरून ठेवलीं व आप्तांकडूनच रोग्यांस पाजविलीं. तेथें मृत्यूचें प्रमाण फार खालीं आलें.

सर्पदंशाविषयींहि चार शब्द लिहितों, कारण पावसाळ्यांत व पुरानंतर साप घरांत शिरतात. आपल्याकडे बहुतेक मृत्यु नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चार जातींमुळें होतात. त्यांत मण्यार फार फसवी. ती रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंश दुखत नाहीं, सूज येत नाहीं, आणि पहांटे पोटांत दुखतें, पापण्या जड होतात, गिळतां येत नाहीं. घरचे लोक अपचन समजतात. खाटेवर निजणें व मच्छरदाणी अंथरुणाखालीं खोंचणें हा तिच्यावर उत्तम उपाय. दंश झाल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें करकचून बांधूं नये. अंगठी, बांगड्या, जोडवीं काढावीं, तो हात किंवा पाय काठीस बांधून स्थिर ठेवावा, आणि रोग्यास चालूं न देतां दवाखान्यांत न्यावें. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाहीं. मांत्रिकाचे बरे झालेले रोगी बहुतेक बिनविषारी सापाचे असतात. त्याची कीर्ति त्यांवरच चालते. विषावरची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यांत असते हें जूनपूर्वींच विचारून ठेवावें, रात्रीं दोन वाजतां नव्हे. वीज कडाडत असतां एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये, हें बहुतेकांस ठाऊक आहे. तरी आंब्याखालीं दरवर्षीं कोणी ना कोणी जातोच.

दैवांत असेल तें चुकत नाहीं, मग ही सर्व यातायात कशाला, असें कांहीं म्हणतात. आणि देव राखील असें म्हणणारे आपल्यांतहि आहेत. परंतु असें म्हणणारा मनुष्य छप्पर शाकारल्यावांचून राहत नाहीं आणि बियाणें घरांत ठेवल्यावांचून झोंपत नाहीं. मग एवढ्याच कामीं त्यानें दैवाचें नांव कां घ्यावें?

शिक्षकांस व मंडळीच्या कारभाऱ्यांस आमची एक विनंति आहे. हा पाठ एका बैठकींत वाचून टाकूं नये. दोन-तीन संध्याकाळीं थोडा थोडा वाचावा, आणि मध्यें लोकांकडून त्यांच्या घराचें माप विचारावें. गांवांत दवंडी किंवा भोंगा झाला तरी तो कोठपर्यंत ऐकूं जातो हें चालत जाऊन पाहावें. बहुधा तो शेवटच्या वस्तीस ऐकूं जात नाहीं. आणि ती वस्ती ओढ्याच्या कांठीं किंवा सखल जागीं असते, कारण गांवानें पूर्वीं आपल्या लोकांस तीच जागा दिली. ज्या घरापर्यंत पाणी सर्वांत आधीं पोंचतें, तेथें खबर सर्वांत शेवटीं पोंचते. ह्याची वाट पाहत बसण्यापेक्षां त्या वस्तीनें आपला एक जागता माणूस नेमावा व घंटा किंवा थाळी सतत वाजविणें ही निघण्याची खूण ठरवावी. एकटी म्हातारी, आंधळा, बहिरा, बाळंतीण अशांच्या घरांची यादी शिक्षकानें ठेवावी व प्रत्येकापुढें हांक मारणाराचें नांव लिहावें. बहिऱ्यास घंटा ऐकूं येत नाहीं, हें यादी करतांना विसरूं नये.

राहिली एक लहान गोष्ट. प्रत्येक घरांत दारामागच्या भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, गेरूनें मोठ्या अंकांत तीन नंबर लिहावे: कोणत्याहि संकटास ११२, रुग्णवाहिकेस १०८, आणि जिल्ह्याच्या आपत्ति कक्षास १०७७. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्याकडून ते म्हणवून घ्यावे. टॉवरची वीज गेली म्हणजे मोबाईल मुका होतो. अशा वेळीं तालुक्यास निरोप घेऊन कोण जाईल व कोणत्या वाटेनें जाईल, हेंहि त्याच भिंतीवर, त्या माणसास विचारून, त्याच्या नांवानिशीं लिहावें.